लाल पिल्लू निघालंच नाही

१

ट्रक फाटकाशी आला तेव्हा त्यात भरायला एकही पिल्लू नव्हतं.

ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, खाली उतरला, आत डोकावून रिकाम्या क्रेटांची चळत पाहिली आणि कुणाला काही न विचारता परत गाडीत जाऊन बसला. घरात काहीतरी विपरीत झालंय हे पाहुण्याला उंबऱ्यातच कळतं. त्या सकाळी हॅचरीत तसंच झालं होतं.

डॉक्टरीण आली तेव्हा पट्टा बंद होता. गेली कित्येक वर्षं ती इथल्या पाखरांची डॉक्टर होती, पण कामाच्या वेळी पट्टा बंद असलेला तिने कधी पाहिला नव्हता. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या स्टुलांवर बाया मांडीत हात ठेवून बसल्या होत्या. पट्ट्याच्या टोकाला गॅसची पेटी होती आणि पेटीपलीकडे क्रेटच्या क्रेट पांढऱ्या पिल्लांनी भरले होते. सगळी मेलेली. रोज जितके क्रेट असत त्याच्या दुप्पट.

"सगळी गेली," मालकीणबाई म्हणाल्या. एरवी या बाईचा आवाज फाटकापर्यंत ऐकू जायचा. "अख्खी उबवणी गेली, डॉक्टरीणबाई. लाल एकही निघालं नाही."

इथली पद्धत माहीत नसेल त्याला यात एवढं हादरण्यासारखं काय, असं वाटेल. तर पद्धत अशी. ही हॅचरी अंड्यांच्या कोंबड्यांची पिल्लं विकायची. पोल्ट्रीवाल्यांना माद्या हव्या असतात. या जातीचा नर अंडी तर देत नाहीच, अंगानेही भरत नाही. त्याला कुणी फुकट नेत नाही. आणि एका दिवसाचं पिल्लू नर की मादी, हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही. इथे मात्र कुणालाही ओळखू यावं अशी सोय होती. लाल ती मादी, पांढरा तो नर. बायांनी पट्ट्यावरून लाल तेवढी उचलून क्रेटमध्ये ठेवायची. पांढरी आपोआप पुढे जायची. पुढे म्हणजे पेटीत.

ही सोय ज्या माणसाने केली त्याला सगळे वस्ताद म्हणत. तांबड्या कोंबड्यांची आणि पांढऱ्या कोंबड्यांची शुद्ध वाणं त्याने वर्षानुवर्षं खपून तयार केली होती. तांबडे नर पांढऱ्या माद्यांत सोडले की लेकी लाल आणि लेक पांढरे निघत, यात कधी खोट नाही. भिंतीवर ऑइलपेंटने 'पट्टा थांबवू नये' असं लिहिलं होतं, तेही वस्तादांच्याच हातचं. आणि वस्ताद म्हणजे डॉक्टरिणीचे वडील.

"संध्याकाळी पोलिसांत देणार आहोत," मालकीणबाईंचा पुतण्या म्हणाला. तो इथला मॅनेजर. "मावशीने मुद्दाम केलंय. कुणीतरी फूस लावली असणार. लाल पिल्लं परस्पर कुणालातरी दिली आणि म्हणते, एकही निघालं नाही."

मावशी म्हणजे पट्ट्यावरची मुख्य बाई. ती कोपऱ्यात उभी होती. हातात एक ट्रे होता, आणि ट्रेत मागाहून फुटलेली जिवंत पिल्लं चिवचिवत होती.

"ताई," मावशी म्हणाली, "मी चुकले असेन तर मला द्या पोलिसांत. पण ही त्याच उबवणीची आहेत. ह्यात लाल कुठलं, तेवढं दाखवा."

डॉक्टरिणीने ट्रे उजेडात नेला. एकूण एक पिल्लू पांढरं होतं.

२

म्हणजे मावशी खरं बोलत होती. चूक पट्ट्यावर झालीच नव्हती. ती झाली होती आठवड्यांपूर्वी, अंडी फळली तेव्हा, आणि ती कुणी केली हे शोधलं नाही तर संध्याकाळी चोर सोडून संन्याशाला फाशी होणार होती.

"एक गोष्ट मला कळत नाही, मावशी," डॉक्टरीण म्हणाली. दोघी क्रेट धुवायच्या हौदाशी उभ्या होत्या. "लाल येत नाहीत हे तुम्हाला दिसलंच असणार. मग इतकी जाऊ कशी दिलीत?"

मावशीने हौदाच्या कडेवर दोन्ही हात टेकले.

"पहिल्यांदा नर जास्त येतात कधीकधी. म्हटलं, येतील मागून. मग बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मी भिंतीकडे बघितलं, काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे. तरी पट्टा थांबवला. उभ्या जन्मात पहिल्यांदा थांबवला, ताई. आणि मॅनेजरसाहेबांकडे गेले."

"मग?"

"ते म्हणाले, ट्रक यायची वेळ झाली, लाल खालच्या ट्रेंत असतील, पट्टा चालू करा. मी परत म्हटलं, एकदा वस्तादांना विचारू. तर स्वतः आले आणि बटण दाबलं."

"हे मालकीणबाईंना सांगितलंत?"

"माझं कोण ऐकतं? ते पुतणे, मी पट्ट्यावरची बाई." तिने पदराने तोंड पुसलं. "आणि शेवटी हात माझेच ना. मी परत बसले स्टुलावर. माझ्यासमोरून गेली सगळी. त्यांच्यात पोरी असणार, हो ना, ताई?"

डॉक्टरिणीला उत्तर ठाऊक होतं. पांढरी असली म्हणून काय झालं, निम्म्या माद्याच असणार. तिने नुसता मावशीच्या हातावर हात ठेवला.

वडील कुठे आहेत, असं तिने विचारलं तेव्हा मावशीने मागच्या शेडकडे मान वळवली. "सकाळी ऑफिसात होते, माझी हजेरी घेत होते तेव्हा. एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हापासून तिथे बसलेत. त्यांना धक्का बसलाय हो. आयुष्य घातलं त्यात."

वस्ताद शेडच्या पायरीवर बसले होते. डॉक्टरिणीने सवयीने त्यांची नाडी बघितली. ती धावत होती. स्वेटरच्या बाहीला लोकरीत अडकलेलं एक तांबडं पीस होतं. तिने ते काढून टाकलं, जसं ती लहानपणापासून काढत आली होती.

"बाबा, कुणी केलं असेल हे?"

त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

"मी शोधून काढते. मावशीवर येऊ देणार नाही आणि तुमच्या वाणाला बट्टाही लागू देणार नाही."

वस्तादांनी थकल्या डोळ्यांनी लेकीकडे बघितलं. तिला वाटलं, म्हातारा आता काही फार दिवस काढत नाही. ती तिथून निघाली ती तडक मॅनेजरच्या खोलीकडे, आणि वाटेत तिला जे ऐकू आलं त्याने तिचे पाय थांबले. गोदामात, जिथे फक्त रिकामी पोती असायची, तिथे कोंबडा आरवला.

३

गोदामाला कुलूप होतं. फटीतून बघितलं तर आत जाळीमागे देखणे, पांढरेशुभ्र कोंबडे. आपल्या वाणाचे नव्हेत. यांची शेपटी उंच होती.

"कुणाचे हे?" तिने मॅनेजरला विचारलं.

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्याने खुर्ची पुढे ओढली, पेपरवेट सरळ केला, आणि शेवटी खरं ते बोलला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं, आणि इथे तर कोंबड्याने स्वतःच बांग दिली होती.

"पलीकडच्या हॅचरीवाल्याकडून आणलेत. काकूंना सांगितलेलं नाही अजून. डॉक्टर, तुमच्या वडलांचं वय झालं. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर त्यांची ती वाणं कोण सांभाळणार? सगळं एका माणसाच्या डोक्यात. म्हणून म्हटलं, बाहेरचं वाण आणून हळूहळू बदलून टाकू."

"आणि वस्तादांच्या वाणाने एकदा दगा दिला, की काकू बदलायला आपणहून तयार होतील."

"म्हणजे?"

"म्हणजे पांढऱ्या माद्यांत तांबड्यांच्या जागी कुणी हे पांढरे नर सोडले, तर सगळी पिल्लं पांढरी निघतात. माद्या ठेवतात त्या कोठ्याच्या किल्ल्या दोघांकडेच आहेत. बाबांकडे आणि तुमच्याकडे."

त्या कोठ्यात तिसऱ्याने पाऊल ठेवायचं नाही, हा नियम डॉक्टरिणीनेच रोगराईच्या भीतीने घालून दिला होता. कुणी बाहेरून डोकावूही नये म्हणून जाळीवर पडदेसुद्धा तिनेच लावायला लावले होते.

"मी पट्टा चालू केला, ते कबूल," मॅनेजर म्हणाला. "ती चूक माझी. मावशीवर ढकलली, तीही माझीच. पण कोंबडे मी हलवले नाहीत. आईशपथ नाही. आणि पलीकडच्याने अंडीच बदलली असतील तर? त्याच्याकडे तर सगळा पांढराच माल."

बोलता बोलता त्याने घाम पुसायला हात वर केला आणि मनगटावरचा जुना व्रण दिसला. पांढरं वाण पुढे चालवायला वस्तादांनी मागच्या शेडमध्ये ठेवलेल्या पांढऱ्या कोंबड्यांनी दिलेला प्रसाद होता तो. ते कोंबडे वस्तादांखेरीज कुणाला जवळ येऊ देत नसत; नखी मारून रक्त काढत.

डॉक्टरिणीला आतून सुटल्यासारखं वाटलं. गुन्हेगार समोर बसला होता, पुरावा गोदामात आरवत होता, आणि तो पक्का करायचा उपायही तिच्याकडे होता. पंख.

ती सात-आठ वर्षांची होती तेव्हा वडिलांनी तिला पिल्लाचा पंख उलगडून दाखवला होता. काही वाणांत पहिल्याच दिवशी मोठी पिसं लांब फुटलेली असतात, शेजारच्या बारीक पिसांच्या पुढे आलेली. काहींत ती आखूड असतात, दोन्ही सारखीच. लांब आणि आखूड. वस्तादांची पांढरी वाणं आखूड पंखांची. पलीकडच्या हॅचरीवाल्याची पांढरी जात लांब पंखांची. तो त्याच गोष्टीची जाहिरात करायचा. आणि रंग देणारा गुण नि पंख देणारा गुण एकाच गुणसूत्रावर शेजारी बसलेले असतात. ते सहसा जोडीनेच बापाकडून पिल्लात उतरतात.

गोदामातले कोंबडे बाप असतील, किंवा पलीकडची अंडी आली असतील, तर मादी पिल्लांचे पंख लांब असणार. एवढंच बघायचं होतं.

ती मेलेल्या पिल्लांचा एक क्रेट उचलून टेबलाशी गेली आणि तिने कात्री हातात घेतली.

४

डॉक्टरिणीने हे काम हजारदा केलं असेल. पिल्लू मेलेलं असलं की नर-मादी ओळखायला कौशल्य लागत नाही. पोट उघडलं की कळतं. आज मात्र प्रत्येक पिल्लू हातात घेताना तिला वाईट वाटत होतं. ती अंगं अजून मऊ होती.

पहिलं नर निघालं. पंख आखूड. ते सोडून दिलं. नराच्या पंखावरून बापाचा निवाडा होत नाही. दुसरं मादी.

मावशीचा प्रश्न तिला आठवला. त्यांच्यात पोरी असणार, हो ना, ताई? तिने पंख उलगडला.

आखूड.

असेल एखादं, ती मनाशी म्हणाली. पलीकडच्याच्या वाणातही एखादा भेसळीचा कोंबडा निघत असेल, शेकड्यात एखादा. तिने पुढचं घेतलं. मादी, पांढरी, आखूड. पुढचं. मादी, पांढरी, आखूड. टेबलावर एका बाजूला नर आणि एका बाजूला माद्या अशा दोन ओळी वाढत गेल्या, जवळजवळ सारख्या लांबीच्या, आणि माद्यांच्या ओळीत एकही लांब पंख आला नाही.

तिने कात्री खाली ठेवली. हात धुतले. परत एकदा धुतले.

गोदामातले कोंबडे बाप नव्हते. पलीकडच्याची अंडीही नव्हती. पांढरे, आखूड पंखांचे, एकही लाल लेक होऊ न देणारे शुद्ध नर या आवारात एकाच ठिकाणी होते, आणि त्यांना एकच माणूस हात लावू शकत होता.

सकाळी बाहीवरून काढलेलं पीस तिला आठवलं. तांबडं पीस. वडील तांबड्या कोंबड्यांत वावरत, म्हणून तिने त्याचा विचार केला नव्हता. पण मागच्या शेडमध्ये तांबडे कोंबडे नसत, तिथे फक्त पांढरे असत. आणि ऑफिस नि ही शेड सोडून वस्ताद आज कुठे गेलेच नव्हते.

५

शेडमध्ये खाली भुसा पसरला होता. डॉक्टरीण गुडघ्यांवर बसली आणि तिने हाताने भुसा बाजूला केला. वरचा थर ताजा, पांढऱ्या पिसांचा. त्याखाली जुन्या थरात तांबडी पिसं होती. मूठभर, मग ओंजळभर. तांबडे कोंबडे इथे काही आठवडे राहून गेले होते. तोवर इथले पांढरे कोंबडे पडद्याआड माद्यांत होते. मग जो तो आपापल्या जागी परत आला होता.

मागे पायरीवर वस्ताद उठून उभे राहिले होते.

"पंख बघितलेस?" त्यांनी विचारलं. सकाळपासून त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य.

"बघितले."

"नरांचे की माद्यांचे?"

डॉक्टरिणीला रडू फुटलं. कबुली यापेक्षा स्पष्ट असू शकत नव्हती. कुठला पंख साक्ष देतो हे त्यांनीच तिला शिकवलं होतं, आणि आता धडा नीट शिकलीस ना, असं विचारावं तसं ते विचारत होते.

"माद्यांचे, बाबा."

ते परत पायरीवर बसले.

"का?"

"टोकाला पेटीवर असतो तो माणूस आजारी होता एकदा. मला म्हणाले, वस्ताद, तेवढं आजचा दिवस उभे राहा." ते हळू बोलत होते. "पोरी, मी इतकी वर्षं पट्ट्याच्या सुरुवातीला उभा राहिलो. लाल किती निघाली, शुद्ध किती निघाली. टोकाला काय होतं ते मला ठाऊक होतं, पण मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. पिल्लं वर बघतात, माहीत आहे? पडताना वर बघतात. ही सोय मी केली. नर कुठला ते मी दाखवून दिलं."

"मालकीणबाईंशी बोलायचं होतं."

"बोललो. म्हणाल्या, नर कोण नेणार? म्हणून म्हटलं, निदान एकदा तरी कुणाला ओळखूच येऊ नये. सगळी एका रंगाची निघाली की कुणीही थांबेल. पट्टा थांबेल. सगळी तशीच विकावी लागतील, मोठी झाल्यावर काय ते कळेल." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मला वाटलं, थांबतील."

आगीतून फुफाट्यात म्हणतात, पण इथे फुफाटाही वस्तादांनीच पेटवला होता. डॉक्टरिणीला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच क्षणी त्यांचा संतापही आला.

"मावशीला संध्याकाळी पोलिसांत देणार आहेत, बाबा. तुम्ही सांगणार की मी सांगू?"

वस्तादांनी मान खाली घातली.

६

ऑफिसात पाच माणसं होती. टेबलामागे मालकीणबाई, खिडकीशी मॅनेजर, दाराशी ट्रे घेऊन मावशी, भिंतीकडेच्या खुर्चीत वस्ताद. डॉक्टरीण उभी होती.

तिने आधी मावशीने पट्टा थांबवल्याचं सांगितलं. मॅनेजर मान खाली घालून "हो" म्हणाला. मालकीणबाईंनी पुतण्याकडे बघितलं. मग डॉक्टरिणीने टेबलावर काही पिल्लं ठेवली, सगळ्या माद्या, आणि एकेकीचा पंख उलगडून दाखवला.

"ह्यांचा बाप पांढरा आणि आखूड पंखांचा. म्हणजे गोदामातला नव्हे, पलीकडचाही नव्हे."

मॅनेजर स्वतःवरचं बालंट टळत असूनही मध्ये बोलला. वाद घालायची खोड होती त्याची. "पण आपल्या पांढऱ्या माद्याही आखूड पंखांच्याच आहेत की. खाण तशी माती. पोरींनी आईचा पंख घेतला असेल."

"कोंबड्यांत ही म्हण चालत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "माणसात मुलगा होणार की मुलगी हे बापाकडून ठरतं. पाखरांत ते आईकडून ठरतं. नराकडे रंग-पंखांची मोठी गुणसूत्रं दोन असतात. मादीकडे एकच मोठं, आणि दुसरं लहानसं, ज्यावर रंगही नाही नि हा पंखही नाही. आईने मोठं दिलं की पिल्लू नर होतं, लहान दिलं की मादी. म्हणजे लेकीला आईकडून यातलं काहीच मिळत नाही. लेकाला दोघांकडून मिळतं, म्हणून लेक बघून बापाची खात्री होत नाही. लेकीत मात्र बाप जसाच्या तसा दिसतो. म्हणूनच रोज तांबड्या बापाच्या लेकी लाल निघायच्या."

मालकीणबाईंनी एक पिल्लू हातात घेतलं. त्यांना गुणसूत्रं कळली की नाही कोण जाणे, पण शेवटचं वाक्य कळलं होतं.

"मग बाप कोण?"

डॉक्टरिणीने वडिलांकडे बघितलं. तिने वाट बघितली. बाहेर ट्रकवाल्याने रेडिओ लावला आणि बंद केला. वस्ताद आपल्या तळहातांकडे बघत राहिले.

"बाप मागच्या शेडमधले कोंबडे," ती म्हणाली. "आणि त्यांना माद्यांत सोडणारा माझा बाप."

मॅनेजर खिडकीच्या कठड्यावर टेकला. मालकीणबाईंच्या हातातलं पिल्लू टेबलावर पडलं आणि त्यांनी ते परत उचललं नाही. खोलीतल्या कुणालाही हे खरं वाटत नव्हतं, आणि खोटं आहे असं म्हणायचीही कुणाची छाती नव्हती. कारण वस्ताद आता रडत होते, तोंड न झाकता.

मग त्यांनी सगळं सांगितलं, मघाशी लेकीला सांगितलं होतं तेच. टोकाला उभं राहिल्याचं, वर बघणाऱ्या पिल्लांचं, कुणीही थांबेल या भरवशाचं.

"मी थांबले होते," मावशी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती ट्रे धरून दोन पावलं पुढे आली.

"भिंतीवर तुमच्या हातचं लिहिलेलं असून मी थांबले होते, वस्ताद. तुम्हाला वाटलं तशीच थांबले. त्यांनी चालू केला, ते त्यांचं त्यांच्यापाशी. पण सकाळी इथे, ह्याच खोलीत, मला चोर म्हणाले. पोलिसांत देतो म्हणाले. तेव्हा तुम्ही ह्याच खुर्चीत बसला होतात."

"बसलो होतो," वस्ताद म्हणाले.

"पाखरांसाठी एवढं केलंत. माझ्यासाठी एक शब्द बोलायचा."

डॉक्टरिणीला तिथे उभं राहवेना. आयुष्यभर तिने या माणसाची लेक म्हणून मान घेतला होता. आता ही शरमही तिचीच होती.

ट्रेतली पिल्लं चिवचिवत होती. मावशीने मालकीणबाईंकडे बघितलं.

"ह्यांना कुठल्या बाजूला ठेवू?"

मालकीणबाईंनी डॉक्टरिणीकडे बघितलं, डॉक्टरिणीने मान हलवली. सगळी पांढरी, सगळी आखूड पंखांची. तिला सांगता येत नव्हतं, आणि इथल्या कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"तुम्हाला वाटेल तिकडे," मालकीणबाई हळूच म्हणाल्या.

मावशी बाहेर गेली. तिने लाल पिल्लांसाठी ठेवलेला एक रिकामा क्रेट घेतला, त्यात ट्रेतली सगळी पिल्लं एकेक करून ठेवली आणि क्रेट उचलून फाटकाकडे निघाली. सकाळपासून ताटकळलेला ड्रायव्हर खाली उतरला.

"एवढीच?" त्याने विचारलं. मग आत डोकावला. "ही तर पांढरी. ह्यात माद्या किती?"

"मोठी झाली की कळेल," मावशी म्हणाली.

ड्रायव्हरने खांदे उडवले आणि क्रेट गाडीत चढवला. वस्ताद ऑफिसच्या खिडकीत येऊन उभे राहिले होते. मावशी परत फिरली, पण तिने वर बघितलं नाही.